रेघेवर थांबणाऱ्या म्हशी

रस्ता यायच्या कितीतरी आधीपासून आमचे मालक तो ओलांडत होते. गोठ्याच्या मागच्या दारानं म्हशी घेऊन बाहेर पडले की नदीकडे जाताना गवतात एका जागी थांबायचे. आधी उजवीकडे बघायचे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि मग म्हशींना म्हणायचे, "चला." तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. उजवीकडे बावडा गावापर्यंत गेलेला ऊस, डावीकडे घाटाची मागची बाजू. मधून एखादं कुत्रं जायचं. कुत्रं जात असलं तर मालक त्याला आधी जाऊ द्यायचे.

मी त्यांच्या गोठ्यात कामाला होते. शेण काढायचं, शेणी थापायच्या, वैरण टाकायची, आणि संध्याकाळी मालक म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर गेले की मागं गोठा धुवायचा. कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून देतात, ती आमच्याकडची जुनी पद्धत. नवरा वारल्यावर कुणीतरी मला या कामाला लावलं आणि मी तिथंच राहिले. मालक फार मायाळू होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही आणि कधी माझी विचारपूसही केली नाही. मला आक्का म्हणायचे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि दिवसभर गोठ्यात असूनही सदऱ्यावर डाग नाही. शेणाला ते हातच लावत नव्हते, तेव्हा त्यात नवल काही नाही.

गल्लीतले लोक त्यांना इंजिनेर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटतं त्यांना ते खरंच वाटायचं.

कुणी पत्ता विचारला तर सांगायचे, "सोप्पं हाय. रस्त्याला लागूनच गोठा हाय." पन्हाळ्याकडचे त्यांचे एक पाहुणे एकदा दुपारभर तो रस्ता शोधत हिंडले आणि शेवटी चिडून घाटावर बसून राहिले. मालक त्यांना आणायला गेले तर म्हणाले, "पावणं, तुमी उलट्या बाजूनं आला." संध्याकाळी कट्ट्यावरून आले की मागच्या दारात खुर्ची टाकून नदीकडे तोंड करून बसायचे. मालकीणबाई विचारायच्या, "काय बघताय वो?" तर म्हणायचे, "वर्दळ." वैरणीची गंजी मागच्या अंगणात होती, ती त्यांनी हलवून पुढे आणली. का, तर वाऱ्यानं काड्या उडून रस्त्यावर जातील आणि मोटरसायकली घसरतील. गंजी पुढे आणल्यावर आम्हाला घरात शिरायला वाट राहिली नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही आडवे होऊन शिरलो.

आता रस्त्याची हकीगत सांगते, म्हणजे हे सगळं कळेल.

पूर्वी नदीच्या काठानं गाडीवाट होती. उसाच्या गाड्या गुऱ्हाळाला जायच्या, तेवढ्यासाठीच. पन्हाळा, जोतिबाकडून येणारे सगळे ट्रक जुना पूल ओलांडून आमच्या पेठेतूनच जायचे, कारण हायवेला जायला दुसरी वाट नव्हती. गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या, आणि त्यातून गुळानं भरलेले ट्रक. एका सकाळी अशाच एका ट्रकनं मालकांच्या म्हशीला कोपऱ्यात दाबलं आणि तिचा पाय मोडला. गर्दी जमली. लोक ड्रायव्हरला खाली ओढायला लागले. मालकांनी त्याच्या अंगाला हात लावला नाही. नुसतं विचारलं, "कुठं निघालाईस?"

"हायवेला."

"मग हितनं कशाला?"

ड्रायव्हर म्हणाला, "दुसरा रस्ता दावा की मालक. त्यानं जातो."

ते उत्तर मालकांच्या डोक्यात बसलं. म्हैस काही वाचली नाही. पण महिन्याभरानं एकदा जेवताना ते म्हणाले, "ट्रकवाल्याचं बरोबर हाय. नदीला जिकडं जायचंय तिकडंच त्याला बी जायचंय. मग नदीसंगंच जाऊ दे की त्याला."

हे त्यांनी शोधून काढलं असं नाही. कचेरीतल्या नकाशावर तसा रस्ता आधीपासून तुटक रेघेनं काढलेला होता असं लोक म्हणायचे. पुलापासून निघायचं, नदी डाव्या हाताला ठेवायची, घाटाच्या मागून, आमच्या गोठ्याच्या मागून, बावड्याच्या उसातून, बंधाऱ्याला वळसा घालून हायवेला मिळायचं. नदी वळेल तसं वळायचं. नव्वद साल उलटल्यावर कधीतरी माणसं आली, तिपाईवर दुर्बीण लावून बघत बसली, गवतात खुंट्या ठोकल्या आणि जाताना गोठ्याच्या मागच्या भिंतीवर लाल रेघ मारून गेली. बाकीच्यांच्या घरी अशी रेघ दिसली की बायकांनी तोंडाला पदर लावला. आमच्या मालकांनी पेढे वाटले.

मालकीणबाई पेढ्यांचा पुडा हातात धरून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आक्का, भिंतीवर रेघ मारून गेल्यात, उद्या भिंत पाडतील. आन ह्यास्नी पेढे सुचाय लागल्यात."

मालक म्हणाले, "भिंत पडंना का. आत आनखी एक भिंत हाय की."

त्या रस्त्यात एक अडचण होती आणि ती मलासुद्धा दिसत होती. तो गोठ्याच्या आणि नदीच्या मधून जाणार होता. म्हशीला रोज पाण्यात बसायला लागतं. नाही बसली तर कातडं तडकतं, दूध आटतं. नदी नसेल तर आमचा गोठा दोन उन्हाळेसुद्धा टिकला नसता. मी एकदा तसं बोलले. तर मालक म्हणाले, "त्याचा इचार मी केलाय, आक्का. म्हस शिकवता येती. ड्रायव्हर शिकवता येत न्हाई."

आणि ते म्हशी शिकवायला लागले.

आमच्याकडे म्हशी शिकवणं नवं नाही. दिवाळीत शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून म्हशी मिरवायला काढतात. मालक मोटरसायकल घेऊन पुढे पळतो, म्हैस मागं पळते, त्याच्या हाकेवर थांबते, पाय उचलते. पण ती हाकेवर थांबते. आमच्या मालकांना जागेवर थांबायला शिकवायचं होतं. त्यांनी खुंट्यांच्या ओळीवर फक्कीची पांढरी रेघ मारली, खेळाच्या मैदानावर मारतात तशी. रोज सकाळी नवी. म्हैस रेघेपर्यंत आली की तिच्या तोंडासमोर उभे राहायचे. ती थांबली की पेंडीचा तुकडा. पुढे गेली की परत गोठ्यापर्यंत मागं न्यायचे आणि पुन्हा आणायचे. सुरुवातीला नदीपर्यंत पोचायला दुपार व्हायची. पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्या म्हशी रेघ दिसली की आपणहून थांबायला लागल्या. ओळीनं थांबायच्या, आणि मालक उजवी-डावी बघेपर्यंत हलायच्या नाहीत.

म्हशींवर भागलं असतं तर ठीक होतं. पण धुणं घेऊन नदीला जाणाऱ्या बायकांनाही ते थांबवायला लागले.

"थांबा थांबा. बघून जावा."

"इंजिनेर, आज लई गर्दी हाय की रस्त्यावर," एखादी म्हणायची.

"गुळाचा सीझन हाय," मालक म्हणायचे. हसायचे नाहीत.

"आन ह्यो बघा ट्रक आला, व्हा बाजूला."

तेव्हा मालक खरंच तिकडे बघायचे. बायका हसून हसून पाट्या खाली ठेवायच्या. पण मी पाहिलंय, पुढं पुढं त्यातल्या बऱ्याच जणी तिथं आल्या की आपोआप पाय थांबवायच्या. माझाही थांबायचा. सवय लागली की माणसाचं आणि म्हशीचं फार वेगळं नसतं.

एका दिवाळीची गोष्ट अजून पेठेत सांगतात. त्या वर्षी मालकांनी हरणीला मिरवणुकीत उतरवलं होतं. हरणी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात देखणी म्हैस. अंगानं चकचकीत काळी, आणि शिंगं दोन्ही बाजूंना अशी लांब गेलेली की ती वळली की माणसं मागं सरायची. मालकांच्या पुतण्याची मोटरसायकल होती, सायलेन्सर काढलेली. ती फटफटत सुटली आणि हरणी मागं. काय पळाली. लोक ओरडत होते, शिट्ट्या वाजत होत्या. सगळ्या म्हशींत ती पुढे होती. आणि लोकांनी मधे घुसू नये म्हणून पुढं कुणीतरी रस्त्यावर आडवी फक्की टाकून ठेवली होती.

हरणी तिथवर आली आणि थांबली. अशी थांबली की मागच्या दोन म्हशी तिच्यावर आदळता आदळता राहिल्या. मोटरसायकल निघून गेली. पुतण्या लांब जाऊन मागं बघतो तर म्हैस नाही. आणि हरणी मान फिरवून एकदा उजवीकडे बघते, एकदा डावीकडे बघते. गर्दी हसून लोळायला लागली. पुतण्यानं त्या दिवसापासून मालकांशी बोलणं टाकलं. मालक मात्र गर्दीतून पुढे आले, तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हिला कुठल्याबी शहरात सोडा."

मालकीणबाई त्या रात्री भाकरी थापताना म्हणाल्या, "बक्षीस गेलं."

"बक्षीस कशाला पायजे? जीव वाचला की तिचा."

"कशापासनं वाचला? कोन होतं हितं मारणारं?"

मालकांनी ताट पुढं ओढलं. भाकरी मोडून दुधात घातली.

रस्ता मात्र येत नव्हता. निवडणूक आली की गवतात चार माणसं फिरायची, निवडणूक गेली की जायची. खुंट्या लोकांनी उपटून म्हशी बांधायला नेल्या. मालकांनी त्यांच्या दारात जाऊन त्या परत मागितल्या. कुणी दिल्या, कुणी शिव्या दिल्या. मग तो मोठा पूर आला. गोठा छपरापर्यंत पाण्यात गेला. म्हशी आम्ही आधीच वरच्या पेठेत नेऊन बांधल्या होत्या. पाणी उतरलं तेव्हा मागं नुसता चिखल. खुंट्या गेल्या, भिंत गेली, भिंतीवरची लाल रेघही गेली.

मालकांनी काय करावं? त्यांनी म्हशी मागच्या बाजूनं सोडल्या. चिखलातून चालत चालत त्या एका जागी थांबल्या. मालकांनी तिथं नव्या खुंट्या ठोकल्या.

शेजारचे तालीमवाले आण्णा बघत होते. म्हणाले, "रस्ता हितंच हुता कशावरनं?"

"थांबल्या की म्हशी हितं."

"त्या दमून थांबल्या असतील की इंजिनेर. गुडघाभर राड हाय."

मालकांनी ते ऐकून घेतलं आणि पुढची खुंटी ठोकली.

त्या पुरानंतर रस्त्याला एकदम घाई आली. आणि ठरलं की रस्ता उंच करायचा, पुरात बुडता कामा नये. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. डंपर यायला लागले, मुरूम पडायला लागला, तेव्हा दिसलं. पहिल्या दिवशी सुपरवायझर आला. तरुण पोरगा, बाहेरगावचा, तोंडाला रुमाल बांधलेला. त्यानं मालकांच्या खुंट्या बघितल्या.

"ह्या कुणाच्या?"

"आपल्याच," मालक म्हणाले.

"आपल्याच म्हणजे? आमच्या तर तिकडं आहेत." त्यानं नदीच्या बाजूला बोट दाखवलं. बऱ्याच लांब.

मालक जरा वेळ दोन्हीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "असू दे. रेघ हलवाय येतीया."

पण रेघ हलवण्यानं भागणार नव्हतं. मुरूम पडतच राहिला. कमरेइतका झाला, डोक्याइतका झाला, मग घराइतका. रोलर वरून फिरायचा तेव्हा आमच्या पत्र्यावर ढग आल्यासारखी सावली पडायची. मालक रोज खुर्ची टाकून बसायचे आणि आता त्यांना नदी दिसत नव्हती. त्यांनी इतकी वर्षं जो रस्ता ओलांडला होता तो जमिनीवरचा होता. रस्ता उंचही असतो हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. एवढं सगळं आधीपासून ठरवणारा माणूस, आणि त्याला हे सुचलं नाही. मला सुचलं नाही ते ठीक. मी इंजिनेर नव्हते.

त्यांनी सुपरवायझरला गाठलं. मी शेणाची पाटी घेऊन तिथंच होते.

"म्हशी कुठनं वलांडायच्या?"

"काका, हा पळायचा रस्ता आहे. मधून कुणीच ओलांडायचा नाही. दोन्ही कडांना भिंत येणार."

"वलांडायचा न्हाई तर रस्ता कसला त्यो?"

"आता असाच असतो. म्हशी घाटावरून न्या की."

घाटावर लोक अंघोळी करतात, पूजा करतात. तिथं म्हशी घेऊन गेलो असतो तर आम्हालाच पाण्यात टाकलं असतं. मालक म्हणाले, "भरावात मधी मधी भोकं ठेवलीत ती कशाला?"

"त्या मोऱ्या. पावसाचं पाणी जायला."

"मग एक मोरी म्हशीपुरती ठेवा हितं."

"ते माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात हाय?"

पोरगा रुमाल वर ओढून निघून गेला. मालक कचेरीत गेले, तिथून दुसऱ्या कचेरीत गेले. सगळ्यांनी बसवून घेतलं, चहा दिला, आणि अर्ज ठेवून घेतला. आमच्या मागं भरावात म्हशी जायपुरती फट तेवढी राहिली होती, तीही आता बुजणार होती.

एके दिवशी सकाळी मालकांनी म्हशी सोडल्या आणि त्यांना नदीकडे न नेता बाजूला घेतलं, डंपर ज्या वाटेनं यायचे तिकडे. खांद्यावर फक्कीचं पोतं. वाटेवर आडवी लांब रेघ मारली. म्हशी आल्या, रेघ बघितली आणि ओळीनं थांबल्या. मालक बाजूच्या दगडावर जाऊन बसले.

पहिला डंपर आला. हॉर्न वाजवला. हरणीनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. दुसरा आला, तिसरा आला. वळणापर्यंत रांग लागली. ड्रायव्हर उतरले, शेपट्या पिरगळल्या, काठ्या मारल्या. म्हशी काठी खाऊन जागेवरच. लोक जमले. मी शेणी थापायचं सोडून बघत उभी राहिले, ते मी सहसा करत नाही.

सुपरवायझर पळत आला. "काका, काढा त्यांना."

"मी कुठं धरल्यात? दोरी हाय का बघा."

"मग हलत का नाहीत?"

"रस्ता वलांडायच्या आधी थांबायचं असतं. शिकवलंय त्यास्नी. तुमालाच उपेगी पडंल म्हणून शिकवलंतं."

ऊन वर आलं. पोरग्यानं फोनवर फोन केले. शेवटी एक मोठे साहेब जीपमधून आले, घामानं भिजलेले. त्यांनी म्हशी बघितल्या, डंपरची रांग बघितली आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"म्हस जाईल एवढी मोरी."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "नुकसानीपेक्षा मोरी स्वस्त पडेल. माप द्या. आत्ता. आणि ह्या म्हशी काढा."

मालकांनी पायानं फक्की पुसली. म्हशी निघाल्या. आणि मालक धावत, मी त्यांना धावताना तेवढंच बघितलं, गोठ्याकडे आले.

माप घ्यायला त्यांनी हरणीच घेतली, कारण अंगानं तीच मोठी. तिच्यासमोर पेंडीची पाटी ठेवली, ती खाली मान घालून खायला लागली. मालकांनी दोरीनं खुरापासून पाठीपर्यंत माप घेतलं. पोटावर दोन्ही बाजूंनी काठ्या उभ्या करून रुंदी घेतली. मालकीणबाई दोरीचं दुसरं टोक धरून होत्या. म्हणाल्या, "जरा सैल घ्या की."

"दोनीकडं वीत वीत धरलीया."

"आनखी धरा. कोन इचारतंय."

मालक म्हणाले, "आपल्या एकट्यासाठी करायलेत ते. आपुन हावरटपणा करू नये." गाठ मारलेली दोरी घेऊन ते साहेबांकडे गेले आणि त्यांनी ती दोरी मोजून घेतली.

दिलेला शब्द साहेबांनी पाळला. मोरी झाली. चांगली सिमेंटची, गुळगुळीत, आरपार बघितलं की पलीकडे नदीचा एवढासा उजेड. मालकांनी उदबत्ती लावली, नारळ फोडला. गल्लीतली माणसं आली होती. मालक पुढे आत शिरले आणि हरणीला हाक मारली.

हरणी आत गेली. दोन पावलं गेली, अंधार बघितला आणि बिचकून मान वर केली. शिंगं दोन्ही बाजूंना भिंतीत अडकली. अशी घासली की आवाज बाहेर ऐकू आला. तिनं मागं जायला अंग टाकलं, मागं दुसरी म्हैस आली होती, ती तिच्यावर आदळली. मालक पलीकडच्या तोंडाला उभे राहून बोलवत होते. कशीबशी मागं निघाली. एका शिंगाचं साल निघून रक्त येत होतं.

खाली मान घालून पेंड खाणाऱ्या म्हशीचं माप घेतलं होतं. शिंगं मोजलीच नव्हती. साऱ्या पेठेत ज्या शिंगांसाठी त्या म्हशी ओळखल्या जायच्या, दिवाळीत ज्यांना रंग लावायचा, ती शिंगं.

दोन रेडकं आणि एक आखूड शिंगांची म्हैस गेली. बाकी एकही गेली नाही. मालकांनी आत कंदील टांगला, पेंड पसरली, नाकातली वेसण धरून मान खाली दाबून नेऊन बघितलं. एक निम्म्यात गेली आणि तिथं अडकली, ती बाहेर काढता काढता मालकांच्या बरगड्या भिंतीला लागल्या.

पेठेत ही गोष्ट संध्याकाळच्या आत पोचली.

"काय इंजिनेर, शिंगं धरली न्हाईत व्हय मापात?"

"न्हाई धरली," मालक म्हणायचे.

कुणीही, कितीही वेळा विचारलं तरी एवढंच म्हणायचे. साहेबांवर ढकललं नाही, मालकीणबाईंवर ढकललं नाही. मोरी मोठी करून मिळेल का, हे विचारायला मालकीणबाईंनी त्यांना कचेरीत पाठवायला बघितलं. ते गेले नाहीत. म्हणाले, "माप मी दिलंतं."

तो उन्हाळा मी विसरणार नाही, कारण पाणी मी ओढलं. बादलीनं म्हैस ओली होते, भिजत नाही. हरणीच्या पाठीवर भेगा पडल्या. त्यात तेल घातलं, हळद भरली. दूध निम्म्यावर आलं. कट्ट्यावर गिऱ्हाइकं म्हणायला लागली, म्हस आजारी हाय का वो. मालकीणबाई एक दिवस म्हणाल्या, "शिंगं कापून घ्या. मी इचारून ठेवलंय. तारेनं कापत्यात, चार दिसांत बरं हुतंय."

मालकांनी त्या माणसाला बोलावलं. तो आला, तार काढली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी लावल्या. मी हरणीला खांबाला बांधलं. मालकांनी तार हातात घेऊन बघितली. मग त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

"का वो?" मालकीणबाई म्हणाल्या.

"विकली तर ती हरणीच ऱ्हाती. शिंगं कापली तर मग कोन म्हणायचं तिला?"

"म्हंजे विकणार?"

मालक म्हणाले, "नदी हाय तितं देणार."

हायवेच्या पुढं, नदीच्या खालच्या अंगाला एक जैन शेतकरी होते. कधीतरी कट्ट्यावर यायचे, हरणीकडे बघत उभे राहायचे. त्यांचा मळा पाण्याला लागून होता आणि मधे कुठलाही रस्ता नव्हता. मालक एकदा जाऊन ती जागा स्वतः बघून आले. साऱ्या म्हशींचा व्यवहार ठरला. शेतकरी म्हणाले टेम्पो पाठवतो. मालक म्हणाले, नको, चालवत आणतो.

"कुठल्या वाटंनं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"रस्ता झालाय की."

रस्ता झाला होता, पण सुरू व्हायचा होता. दोन्ही तोंडांना पिंपं लावली होती. सकाळी आम्ही गेलो तर तो सुपरवायझर पोरगाच तिथं होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, म्हशी मोजत असल्यासारखं केलं आणि पिंप बाजूला सारलं. तेवढं त्यानं बरं केलं.

मालक पुढे, म्हशी मधे, मी मागं. काळं कुळकुळीत डांबर, त्यावर पांढरे पट्टे अजून मारायचे होते. वर चढून घाटाकडची देवळं मागं पडल्यावर मला आमच्या गोठ्याचा पत्रा खाली दिसला, त्यावर वाळत घातलेल्या शेणी दिसल्या. मग बावड्याचा ऊस सुरू झाला. नदी सगळी वाट डाव्या हाताला होती. मालकांनी पूर्वी सांगितलं होतं तसंच, ती वळली की रस्ता वळायचा. म्हशींना पाण्याचा वास येत होता. त्या सारख्या कडेच्या भिंतीकडे जायच्या, भिंतीवरून माना काढायच्या आणि मग परत मधे यायच्या. हरणी तर भिंतीला अंग घासतच चालली होती.

बंधाऱ्याजवळ मालक म्हणाले, "आक्का, किती गुळगुळीत झालाय बघा."

"झालाय की."

"आता ट्रक हितनं जानार. गल्लीतल्या म्हशीला धोका न्हाई."

मी म्हणाले, "गल्लीत म्हस कुठाय आता?"

ते थोडं चालले. मग म्हणाले, "व्हय. ते बी हाय."

मग हायवे आला. हायवेच्या पुलाखालून आम्ही मळ्याच्या वाटेला लागलो. उतार लागला, समोर नदी दिसली, आणि म्हशी पळत सुटल्या. मालकांनी अडवलं नाही. सगळ्या एकामागं एक पाण्यात शिरल्या, नाकापर्यंत बसल्या. वर नुसती शिंगं.

शेतकऱ्यांच्या घरच्यांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला. शेतकरी म्हणाले, "मग मालक, रस्ता कसा झालाय? आमाला बी आता त्यानंच यायचं बाजाराला."

"लई ब्येस झालाय," मालक म्हणाले. "नदी सगळीकडनं दिसती."

बशीतला चहा संपवून ते उठले. निघताना आम्ही काठावर गेलो. ऊन कलायला लागलं होतं, तरी म्हशी बाहेर यायचं नाव घेत नव्हत्या.

शेतकरी म्हणाले, "मारा की एकदा हाक. तुमच्या हाकंला येतील. बघून जावा."

मालकांनी हाक मारली नाही. म्हणाले, "नको. लई दिसांनी बसल्यात."